आईचे पुठ्ठे

आई लिहिताना पुटपुटायची, आणि तेवढ्या एका सवयीवर चौथीपर्यंतची माझी सगळी इज्जत टिकून होती. वलगावला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांची खाट. ते एसटीत कंडक्टर होते, कधी पहाटे तर कधी भरदुपारी ड्यूटीवरून यायचे आणि बूट काढता काढता झोपायचे. त्यामुळे आईचं सगळं लिखाण मागच्या खोलीत, स्वयंपाकाजवळ चालायचं. एका अंगाला स्टोव्हची भरभर, त्यावर शिजत्या वरणाचं पितळी गंज, आणि पाटावर बसून मांडीवर पुठ्ठा घेतलेली आई. हे पुठ्ठे शर्टाच्या खोक्यातले. अमरावतीच्या कापड दुकानातून बाबा ते मागून आणायचे. एका बाजूला शर्ट घातलेल्या गोऱ्या माणसाचं चित्र, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर आई जाड स्केचपेनानं ठसठशीत लिहायची आणि जो शब्द लिहायची तो तोंडानं म्हणायची. "मोर्शीच्या... बाजारात... संत्र्यांचे... ढीग... लागले होते." मी शेजारी अंबाडीची पानं खुडत बसलेली असायचे. पुठ्ठा भरेपर्यंत ती गोष्ट माझ्या तोंडात पुरती उतरलेली असायची. आईनं कुठं श्वास घेतला, कुठं वरण उतू जातंय म्हणून थांबली, तेसुद्धा.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या वस्तीतून मास्तरीण झालेली ती पहिली. विहारात बायका तिला पुढं बसवायच्या. शाळेतल्या काही नजरा मात्र वेगळ्या असायच्या, आणि त्या ती पाठीनं ओळखायची. तिसरीचा वर्ग मिळाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की निम्म्या पोरांना वाचताच येत नाही. पण कोणाला किती येत नाही, हे काही कळेना. सगळी पोरं एकसुरात धडा म्हणायची आणि त्या आवाजात न येणारी बिनबोभाट लपायची. म्हणून तिनं स्वतःच पायऱ्या पाडल्या. सगळ्यात वर एक गोष्ट, तिच्याखाली छोटा परिच्छेद, मग सुटी वाक्यं, मग कानामात्रा असलेले शब्द, मग बिनमात्रेचे दोन अक्षरी शब्द आणि शेवटी नुसती अक्षरं. एकेका पोराला मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली घेऊन बसायची आणि वरून सुरुवात करायची.

चुका ती कागदावर मांडत नसे. "पेन हललं का लेकरू पेनाकडं पायते अन् घाबरते," असं तिचं म्हणणं. त्याऐवजी ओट्यात, म्हणजे मांडीवरच्या पदरात, चिंचोके ठेवायची. पोरगं चुकलं की डाव्या बाजूचा एक चिंचोका बोटानं उजवीकडं सरकवायचा, न बघता, न बोलता. वाचून झालं की गोष्टीवर चार प्रश्न विचारायचे, कारण नुसता आवाज काढणं म्हणजे वाचणं नाही. उजवीकडं फार चिंचोके जमले की एक पायरी खाली उतरायचं. आणि एक नियम होता, जो मी घरात इतक्या वेळा ऐकला की आजही झोपेत म्हणून दाखवीन: पोरगं जिथं अडलं तिथून उठायचं नाही. जिथं त्याला वाचता येतं तिथवर खाली जायचं आणि तिथं थांबायचं.

आणि अशा बाईच्या पोटी मी. मला वाचता येत नव्हतं. आजकाल याला नाव आहे, शाळेत तज्ज्ञ येतात, पालकांना बोलावून समजावतात. आमच्या वेळी मठ्ठ हा एकच शब्द होता, आणि मी तर मठ्ठ नव्हते. पाढे यायचे, गाणी यायची, पाहुण्यांच्या नकला यायच्या. फक्त कागदावरची अक्षरं माझ्यापुढं टिकत नसत. 'भ' पाहावा तर त्याचा 'म' व्हायचा, 'घ' आणि 'ध' जागा बदलायचे, ओळीच्या मध्यात गेलं की मागचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसत असेल आणि तरीही त्यांना जमतं, म्हणजे माझ्यातच काही तरी कमी आहे. वर्गात मी धडा दुसऱ्या पोरीच्या तोंडून ऐकेपर्यंत हात वर करत नसे. एकदा ऐकला की माझा. गुरुजी म्हणायचे, मास्तरीणबाईची पोरगी, वाचन काय खणखणीत! मी पटकन खाली बसायचे. रोज सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार हाच, आज कळलं तर? असं लहानपण कोणाच्या वाट्याला येऊ नये.

घरात तर लपायला जागाच नव्हती, कारण आमच्या घरात वाचणं ही साधी गोष्ट नव्हती. बाबांच्या बापानं दुसऱ्याच्या म्हशी राखता राखता भिंतीवरची अक्षरं लावून वाचायला शिकून घेतलं होतं. बाबा ही गोष्ट दर पाहुण्याला सांगायचे. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं आणि आषाढी पौर्णिमेला पहिलं पान आईनं वाचायचं, हे ठरलेलं. पांढऱ्या साडीतली आई, चष्म्याची दांडी कानामागं सारायची आणि वाचायला लागायची. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ऐकायच्या. "पुढं तुही पोरगी वाचंल," असं त्या आईला म्हणत आणि आई हसून माझ्याकडं बघायची. त्या हसण्याची मला जेवढी भीती वाटायची तेवढी छडीचीसुद्धा वाटत नव्हती.

नवा पुठ्ठा तयार झाला की आई तो आधी मला वाचायला लावायची. गोष्ट कितपत सोपी झाली, पोरं कुठं अडखळतील, याचा अंदाज घ्यायला घरचं लेकरू बरं, असा तिचा हिशेब. मी पुठ्ठा हातात धरून, डोळे डावीकडून उजवीकडं फिरवत, घडाघडा म्हणून टाकायचे. मुद्दाम एका ठिकाणी चुकायचे, कारण न चुकणारं पोर खोटं वाटतं, हेही मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. चार प्रश्नांची उत्तरं तर मी पुठ्ठ्याबाहेरचं घालून द्यायचे. मोर्शीच्या संत्र्याची गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. ढिगातलं एक संत्रं घरंगळत घरंगळत पोलीस ठाण्यात जातं आणि हवालदार त्याला नाव-गाव विचारतो. हवालदाराचा आवाज मी असा काढायचे की झोपलेले बाबा खाटेवरून हसायचे. "शाळा सोडून नाटकात घाल हिले," म्हणायचे. आई चिंचोका सरकवायची, एकच, आणि समाधानानं भाकरी थापायला वळायची.

आईच्या पुठ्ठ्यांची बातमी कशी कोण जाणे वर पोचली आणि विस्तार अधिकारी साहेबांनी गटसंमेलनात, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत, तिला प्रात्यक्षिक करून दाखवायला सांगितलं. आई त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हती. तिला पुढं बोलावलं गेलं, तेही काही तरी शिकवायला, हे पहिल्यांदाच होत होतं. बैठक सुट्टीच्या दिवशी होती आणि शाळेतली पोरं कुठून आणायची, म्हणून ती म्हणाली, "सुजाताले नेतो. ते न घाबरता वाचते." मी पोट दुखतं म्हणून पाहिलं. ताप आणायला काखेत कांदा ठेवून पाहिला. काही झालं नाही. निदान पुठ्ठे तरी माहितीचे आहेत, असं मनाला सांगत राहिले. मुंगवडीची भाजी, पोळ्या, डब्याला बांधलेला स्वच्छ रुमाल, आईची ठेवणीतली निळी साडी. एसटीत ती सबंध रस्ता माझ्या वेण्यांवरून हात फिरवत होती.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. पोरानं आधी पाहिलेला मजकूर वाचायला देऊ नये, हा आईचाच नियम होता. तो पाळायचा म्हणून तिनं नवा पुठ्ठा लिहिला होता, आणि घरी वेळ मिळाला नाही म्हणून शाळेतच, मुलं गेल्यावर, बसून लिहिला होता. तिचं ते पुटपुटणं रिकाम्या वर्गानं ऐकलं, मी नाही.

मोठ्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. समोर गुरुजी आणि बाया दाटीवाटीनं, खुर्चीवर साहेब. मध्ये आई आणि मी समोरासमोर मांडी घालून. आईनं पद्धत समजावून सांगितली, चिंचोके दाखवले, लोक कौतुकानं हसले. मग तिनं पुठ्ठा माझ्या हातात दिला. गोऱ्या माणसाची बाजू लोकांकडं, अक्षरांची माझ्याकडं. मी पाहिलं. ओळींची लांबी वेगळी होती. संत्र्याच्या गोष्टीत पहिली ओळ पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत जायची, ही मध्येच संपत होती. मला एवढंच वाचता यायचं, ओळींचा आकार. मी पहिल्या अक्षरावर डोळा ठेवला आणि ते हललं. सगळे वाट पाहत होते. आई मानेनं 'हं' म्हणाली. आणि मी काय करावं? मी सुरुवात केली, "मोर्शीच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते."

इतकं चांगलं मी ती गोष्ट कधी म्हटली नव्हती. जिवाच्या आकांतानं म्हटली. संत्रं घरंगळलं तशी लोकं हसायला लागली. हवालदार आला तेव्हा साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. कोणी तरी "वा!" म्हणालं. पुठ्ठ्यावर काय आहे हे त्या अख्ख्या वर्गात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि मी तिच्याकडं बघत नव्हते. शेवटी बघितलं. आईचं बोट चिंचोक्यांवर थांबलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. घराचं कुलूप उघडावं आणि आत सगळं सामान उचकटलेलं दिसावं, तसा तो चेहरा होता.

ती गप्प राहू शकली असती. आज इतक्या वर्षांनी मी तो क्षण परत परत उलटून पाहते. टाळ्या वाजल्या असत्या, साहेबांनी पाठ थोपटली असती, त्या वेगळ्या नजरा खाली गेल्या असत्या आणि माझं काय करायचं ते आम्ही घरी जाऊन केलं असतं. आई म्हणाली, "थांब माय." मग लोकांकडं वळून, बैठकीत बोलायच्या शुद्ध भाषेत, "साहेब, ही म्हणते आहे ती गोष्ट या पुठ्ठ्यावर नाही. पुठ्ठ्यावर विहिरीत पडलेल्या घागरीची गोष्ट आहे." वर्ग एकदम गार पडला. "आता मी एक पायरी खाली जाते," आई म्हणाली. शब्द जागच्या जागी होते.

परिच्छेदाचा पुठ्ठा हातात आला. मी अंदाजानं शब्द फेकत गेले आणि चिंचोके एकेक करून उजवीकडं जात राहिले. त्या शांततेत चिंचोक्याला चिंचोका लागल्याचा टिकटिक आवाज मला ऐकू येत होता. अर्ध्यात ते संपले. आईनं रिकामी बोटं ओट्यात मिटून घेतली. मग वाक्यं, तीही नाहीत. मग मात्रांचे शब्द. माझ्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं, पुठ्ठ्यावर थेंब पडून शाई पसरत होती. शेवटी मागून वानखडे गुरुजी, जे आईशी नेहमी नीट वागायचे, न राहवून म्हणाले, "बाई, राहू द्या ना आता. लेकरू रडून राहिलं." आईनं मान वर केली नाही. "गुरुजी, आता उठलो तर ते अडलं तिथंच राहून जाते," ती म्हणाली. शुद्ध भाषा तोवर सुटली होती. पुढचा पुठ्ठा आला. दोन अक्षरं, लांब लांब लिहिलेली. मी खूप वेळ बघत राहिले. नळ आमच्या घरासमोरच होता, त्याच्या पत्र्यावर कोणी तरी तांबड्या रंगानं हेच दोन आकार काढले होते. "नळ," मी म्हटलं. "पुन्हा वाच." "नळ." आईनं पुठ्ठा जमिनीवर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला. "सुजाताचं वाचन इथं आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "उद्यापासून इथून पुढं." मग तिनं मला जवळ ओढून पदरानं माझं नाक पुसलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि वलगाव येईपर्यंत तिनं माझ्या वेण्यांना हात लावला नाही. डबा तसाच होता, कोणी उघडला नव्हता. मी मनात सगळं ठरवून मोकळी झाले होते. आता मला अकोल्याला मामाकडं टाकतील, तिथं मी धुणीभांडी करीन, आणि आई दुसरं लेकरू आणेल, वाचणारं. मला खरंच वाटत होतं की आई मला नको आहे. घरी बाबा नुकतेच उठून चहा पीत होते. "कसं झालं वो?" त्यांनी विचारलं. आई उंबऱ्यात चपला काढत म्हणाली, "पोरीले वाचता येत नाई."

"कोणाच्या?"

"आपल्या."

बाबा आधी हसले. मग आईच्या तोंडाकडं पाहून थांबले. कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाटेवर बसले. "माह्या बापानं म्हशीमांगं फिरून अक्षर शिकलं," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "अन् आपण दोघं पगारदार. काय कमी केलं वो आपण? डोळे दाखवू का हिचे?"

"डोळे चांगले हायत. थे पाहून राहिली, पण अक्षर थांबून नाई राहिलं तिच्यापुढं," आई म्हणाली. हे तिला कसं कळलं, मी तर कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या टिकटिकीत ती माझ्या चुका नुसती सरकवत नव्हती, ऐकत होती, हे मला फार उशिरा उमगलं.

ती आत गेली. स्टोव्ह पेटवला नाही. परातीत जवारीचं पीठ काढलं आणि नुसती बसून राहिली. मी दाराशी उभी. मग म्हणाली, "इकडं ये. बोट दे." मी हात पुढं केला आणि मार बसणार म्हणून मान वळवली. तिनं माझं बोट धरलं, पिठात टेकवलं आणि सावकाश फिरवलं. "डोळे मीट," म्हणाली. मी मिटले. पीठ थंड आणि मऊ होतं, बोट एकदा खाली गेलं, एकदा वळलं. "काय हाय?" अंधारात ते अक्षर हललं नाही. पहिल्यांदा, जन्मात पहिल्यांदा, एक अक्षर माझ्यासाठी एका जागी थांबलं. "न," मी म्हटलं आणि हमसून हमसून रडायला लागले. आईपण रडत होती. तिनं पिठावरून हात फिरवून अक्षर पुसलं, दुसरं काढलं, तेही पुसलं. मग म्हणाली, "आता पाणी टाक. भूक लागली." त्याच पिठाच्या भाकरी झाल्या आणि सकाळची मुंगवडीची भाजी आम्ही तिघांनी त्यांच्यासोबत खाल्ली.

पुढं दोन वर्षं रोज भाकरीच्या आधी परात. मी वाचायला लागले, पण हळू. आजही हळूच वाचते, ओठ हलतात, आणि हे पानसुद्धा मी लिहितेय ते बोलत बोलत. पण त्या बैठकीचा राग माझ्या मनातून गेला नव्हता. पन्नास माणसांत तिनं मला उघडं पाडलं, हे मी लग्न होऊन अकोल्याला येईपर्यंत धरून ठेवलं होतं. एकदा भांडणात बोलूनही दाखवलं. "घरी आणून विचारता नसतं आलं तुले?" आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "घरी आणलं असतं तं मी तुले मारलं असतं. तिथं मी मास्तरीण होतो, म्हून शुद्धीवर होतो. घरी मी नुसती माय होतो."  तो राग त्या दिवशी निघून गेला.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडं अकोल्याला आली. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी पेपर हातात घेऊन ती म्हणाली, "शाई फिकी टाकून राहिले हे लोक." दुसऱ्या दिवशी चष्म्यावर घसरली. नवा चष्मा केला, तोही तिनं वाईट ठरवला. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, मागच्या भागात रक्त पोचलेलं नाही. बोलणं शाबूत आहे, हात चालतो, लिहितासुद्धा येईल, पण वाचणं गेलं. परत येईल का? मान हलवली त्यांनी, धड हो नाही, धड नाही नाही. मला वाटलं काही तरी चूक होते आहे. लिहिता येणाऱ्याला वाचता कसं येणार नाही? घरी आईनं किराण्याची चिठ्ठी लिहिली, त्याच ठसठशीत अक्षरात. मग ती चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि मला विचारलं, "काय लिवलं वो म्या?"  तिच्या आयुष्यातून दुसरं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं, असं मी त्या वेळी मनात म्हटलं, आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

आषाढी पौर्णिमा आली. अकोल्याच्या विहारातही ती आल्यापासून पहिलं पान तिचंच होतं. मी म्हटलं, यंदा विहारात नको जाऊ. ती पांढरी साडी नेसून तयार. बायकांनी नेहमीप्रमाणं ग्रंथ तिच्यापुढं ठेवला, "बाई, सुरुवात तुमीच करा." आईनं चष्म्याची दांडी कानामागं सारली, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागली. आवाज तोच, थांबण्याच्या जागा त्याच. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ऐकत होत्या. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, "पाह्य, काई झालं नाई बाईले." मी बघत होते. ग्रंथ मधूनच कुठं तरी उघडला होता आणि आई पहिलं पान म्हणत होती. डोळे डावीकडून उजवीकडं फिरत होते. पहिलं पान संपलं, दुसरं संपत आलं, पण तिनं पान उलटलं नाही. त्या सगळ्या विहारात हे फक्त एका माणसाला दिसत होतं. 'थांब माय' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. मी ते गिळले. ती मास्तरीण होती, मी नुसती लेक.

घरी येऊन तिनं साडीसुद्धा बदलली नाही, खुर्चीत बसून राहिली.

"पान नाही उलटलं तू," मी म्हटलं.

"ध्यानातच नाई राहिलं."

"हे कुठं शिकली?"

"तुह्यापाशी," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "सुजाता, सारं बंद झालं वो मले. दुकानाची पाटी बंद, औषधाची बाटली बंद, तुह्या बाबाच्या जुन्या चिठ्ठ्या बंद. जगून काय करू आता?"   मी माळ्यावरून तिचे जुने पुठ्ठे काढले, जे काही कसरीनं सोडले होते ते, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिला कळलं. ओरडली, "माही परीक्षा घेऊन राहिली का तू?" पण उठली नाही. गोष्ट नाही. परिच्छेद नाही. वाक्य नाही. संत्र्याची गोष्ट तिनं पाठ म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी पुठ्ठा बदलला. शब्द नाही. मग नळ, तोच पुठ्ठा, माझ्या थेंबांनी शाई पसरलेला. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि तिनं मान हलवली. सुटं अक्षर दाखवलं, तेही नाही. तिच्या पुठ्ठ्यांना त्याखाली पायरीच नव्हती. अडलं तिथून उठायचं नाही म्हणे. पण खाली जायला जागाच नसेल तर माणसानं काय करावं?

मी स्वयंपाकघरात गेले ती रडायला. डब्यावर परात उपडी होती. जवारीचं पीठ काढलं आणि परात घेऊन बाहेर आले. आईनं परातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि न सांगता डोळे मिटून बोट पुढं केलं. तिचं बोट आता किती हलकं झालं आहे! मी ते पिठात टेकवलं आणि सावकाश फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. तिचे ओठ हलले. "न," ती म्हणाली. मी पीठ सारखं केलं, दुसरं अक्षर काढलं. तिला वेळ लागला, कपाळावर घाम आला. "ळ," ती म्हणाली, आणि मग एकदम, वर्गात म्हणावं तसं मोठ्यानं, "नळ!" डोळे उघडून तिनं परातीत पाहिलं. तिथं तिला काहीच वाचता येईना. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि बोट माझ्या हातात तसंच राहू दिलं.

"उद्या कोणता शब्द घेऊ?" मी विचारलं.

"घाई करू नको," आई म्हणाली. "आधी नळ पक्का होऊ दे." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज मास्तरणीचा होता. "अन् आता पाणी टाक त्याच्यात. भूक लागली."

मी पिठात पाणी टाकलं.